दुसऱ्या गवताचा शब्द : ‘आफ्टरमॅथ’ची व्युत्पत्ती आणि अर्थांतर

विन्स्टन चर्चिल यांच्या ‘द वर्ल्ड क्रायसिस’ या महायुद्धविषयक ग्रंथमालेतील १९१८ नंतरच्या दशकाचा खंड १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. तह, रशियातील यादवी, आयर्लंडचा प्रश्न, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील संघर्ष असा त्याचा विषय असून त्याचे शीर्षक ‘द आफ्टरमॅथ’ असे आहे. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, जाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची ‘रगँ’ ही कादंबरी आली. प्रोव्हाँसमधील एक डोंगरी खेडे ओस पडले आहे. तेथे उरलेला एकटा माणूस आणि वाट चुकून आलेली एक स्त्री मिळून जमीन नांगरतात, गहू पिकवतात आणि खेडे पुन्हा वसू लागते. जिओनो स्वतः त्याच महायुद्धात सैनिक म्हणून लढलेले होते. शेतकऱ्याच्या कोशात पाहिले तर या दोन्ही शीर्षकांचा अर्थ एकच आहे: पहिली कापणी झाल्यावर त्याच कुरणात पुन्हा उगवून येणारे गवत. एका भाषेत हे दुसरे गवत विध्वंसानंतरच्या अवकळेचे नाव झाले आणि शेजारच्या भाषेत पुनरुज्जीवनाचे. जिओनोंची कादंबरी आणि तिच्यावरून मार्सेल पान्योल यांनी १९३७ मध्ये काढलेला चित्रपट या दोहोंना इंग्रजीत ‘हार्वेस्ट’, म्हणजे ‘सुगी’, हे नाव मिळाले. कोशातील अचूक प्रतिशब्द हाताशी असूनही तो तेथे चालण्यासारखा राहिला नव्हता.

‘आफ्टरमॅथ’ या शब्दाची फोड सोपी आहे, पण तिचा उत्तरार्ध आजच्या इंग्रजी भाषकालाही परका वाटतो. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. ‘मॅथ’चा गणिताशी काडीचाही संबंध नाही, गणितवाचक शब्द ‘शिकणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला आहे. गवताचा ‘मॅथ’ हा जुन्या इंग्रजीतील भाववाचक नाम असून त्याचा अर्थ ‘कापणी’, तोही विशेषतः गवताची कापणी. ‘मो’ (गवत कापणे) या आजच्या क्रियापदाचाच तो सगोत्र. जर्मनमध्ये ‘मेएन’ हे क्रियापद आणि ‘माट’ हे नाम आजही जोडीने नांदतात. ग्रीकमधील ‘आमाओ’ (कापणी करणे) आणि लॅटिनमधील ‘मेतेरे’ यांचा संबंधही याच धातुकुलाशी लावला जातो.

याच कुळातला आणखी एक शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे ‘मेडो’, कुरण. जुन्या इंग्रजीत या नामाची प्रथमेतील आणि इतर विभक्तींतील रूपे वेगळी होती. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर काव्यात उरलेला ‘मीड’ हा मूळ रूपापासून आला आणि व्यवहारातला ‘मेडो’ सामान्यरूपापासून. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘मेडो’ म्हणजे कापली जाणारी जमीन. हिरवळ, फुले, निसर्गशोभा हे तिचे अर्थ फार नंतरचे, आणि बहुतांशी शहरी माणसाचे. केवळ चराईच्या रानाला वेगळा शब्द होता. जमिनीचे मोजमापही कापणीवरून ठरत असे: वेल्सच्या सरहद्दीलगतच्या इंग्रज परगण्यांत एका माणसाने एका दिवसात कापून होईल एवढ्या कुरणाला ‘डे-मॅथ’ म्हणत आणि दक्षिण जर्मनीत त्यालाच ‘मान्समाट’ हे नाव होते.

कापणीची ही कामे कशी चालत हे समजल्याखेरीज दुसऱ्या गवताचे महत्त्व कळत नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्याचे चार-पाच महिने गवताची वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात जनावरे जगवायची तर उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून, गंज्या रचून ठेवणे भाग असे. हिवाळा संपला की कुरणातून जनावरे बाहेर काढीत आणि गवत वाढू देत. जून-जुलैमध्ये लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी फिरवायचा विळा घेऊन माणसे ओळीने उतरत. गवताचा वाढबिंदू जमिनीलगत असतो. पाते कापले तरी मूळ मरत नाही, आणि आठ-दहा दिवसांत कुरण पुन्हा हिरवे होते. हे दुसरे गवत पहिल्यापेक्षा आखूड, मऊ आणि पानाळ असते. त्यात फुलोऱ्याच्या काड्या फारशा नसतात. चारा म्हणून ते सकस असते, पण सप्टेंबरच्या ओलसर हवेत वाळता वाळत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याची दुसरी कापणी न करता जनावरेच त्यात सोडीत. नाव मात्र कापणीचेच राहिले.

सोळाव्या शतकापासून लेखनात आढळणारा ‘आफ्टरमॅथ’ हा या गवताचा एकमेव शब्द नव्हता. त्याच अर्थाचा ‘लॅटरमॅथ’ हा जोडशब्द त्याच शतकापासून मिळतो. त्याखेरीज इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे होती. जोसेफ राइट यांनी १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत सिद्ध केलेल्या बोलीकोशात ती विखुरलेली आहेत. पुढे लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या इंग्रजी बोलींच्या सर्वेक्षणात ३१३ गावांतून वृद्ध शेतकऱ्यांना प्रश्न विचारले गेले. त्या दीर्घ प्रश्नावलीत गवत कापल्यावर पुन्हा उगवणाऱ्या गवताला काय म्हणता, हाही एक प्रश्न होता. उत्तरांतून इंग्लंडच्या इतिहासाचे थर एकेका शब्दात दिसतात.

उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशरमध्ये, त्याला ‘फॉग’ म्हणत. धुक्याच्या ‘फॉग’शी या शब्दाचे नाते काय, हा जुना वाद आहे. गवताचा अर्थ निश्चितपणे आधीचा. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ ज्या हस्तलिखितात आहे त्यातच असलेल्या ‘क्लीननेस’ या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात, पशू झालेला राजा नबुखद्नेस्सर चार पायांवर चालत ‘फॉग’ खातो. धुक्याचा अर्थ त्यानंतर दीड शतकाने मिळतो. काहींच्या मते दलदलीतल्या दाट गवतावरून ‘फॉगी’ म्हणजे ओलसर, त्यावरून कोंदट, आणि त्या विशेषणावरून उलट्या दिशेने धुके हे नाम तयार झाले. काहींच्या मते धुक्याचा शब्द डॅनिशमधून स्वतंत्रपणे आला. पहिली मांडणी ऐकायला मोहक आहे, पण तिचे मधले दुवे पुरेसे भरलेले नाहीत. गवताचा शब्द स्कँडिनेव्हियन वस्तीबरोबर आला असावा, एवढे मात्र बहुतेकांना मान्य आहे. नॉर्वेजियन भाषेत ओलसर खोलगटातील लांब गवताला त्याच्या जवळचा शब्द आहे. ‘यॉर्कशर फॉग’ हे एका गवताच्या जातीचे नाव म्हणून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही टिकून आहे.

लँकेशायर, चेशर या भागांत ‘एडिश’ हा शब्द होता. ‘एड’ या जुन्या उपसर्गाचा अर्थ ‘पुन्हा’. दुसऱ्या गवताला डचमध्ये ‘एटग्रून’ म्हणतात, त्यातला ‘एट’ हा तोच उपसर्ग. त्यामुळे ‘एडिश’ची फोडही तशीच करण्याचा मोह होतो. परंतु जुन्या इंग्रजीत ‘एडिश्’ हा शब्द कुंपण घातलेल्या चराईच्या रानासाठी सापडतो. जागेच्या नावावरून त्या जागेत उगवणाऱ्या वस्तूकडे अर्थ सरकला असेल आणि ‘पुन्हा’ या उपसर्गाच्या भासाने त्या सरकण्याला हात दिला असेल, असे म्हणणे अधिक सावधपणाचे ठरेल.

पूर्व आणि आग्नेय इंग्लंडमध्ये ‘रोवेन’ हा शब्द होता, आणि येथे फ्रेंचशी गाठ पडते. उत्तर फ्रान्समधील नॉर्मन बोलीत ज्याचे रूप ‘र’-‘वेँ’ असे काहीसे असावे, तोच मध्य फ्रान्समधील ‘रगँ’. ‘गँ’ हा मुळात फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून आलेला चराईचा शब्द. जर्मनमधील चराऊ कुरणवाचक ‘वाइडं’ त्याच घराण्यातला. चारा शोधणे, मिळवणे, कमावणे असा प्रवास करून त्याच घराण्यातून फ्रेंचमधील ‘गान्ये’ हे ‘मिळवणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्या कुळाचा आधार घेऊन इंग्रजीतील लाभवाचक ‘गेन’ सिद्ध झाला. म्हणजे जिओनोंच्या शीर्षकातले गवत आणि सफकच्या शेतकऱ्याचे ‘रोवेन’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकारांनी ‘रोवेन’ न्यू इंग्लंडमध्ये नेला आणि तेथे तो इंग्लंडपेक्षा अधिक काळ टिकला.

येथवरचा वृत्तांत व्युत्पत्तिकोशातून जुळवता येतो. कोश ‘दुसरे पीक’ असे सांगून थांबतो. ते पीक कोणाचे, हे तो सांगत नाही. या शब्दाच्या इतिहासातला मोठा भाग मात्र त्या प्रश्नातच आहे.

मध्ययुगीन इंग्लंडच्या अनेक गावांत गवताचे कुरण पट्ट्यांत वाटलेले असे, पण पट्ट्यांना बांध वा कुंपण नसे. ज्याचा पट्टा त्याचे पहिले गवत. काही ठिकाणी पट्टेही दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरत. ऑक्सफर्डजवळच्या यार्नटन येथे नावे कोरलेल्या १३ लाकडी गोळ्या पिशवीतून काढून ही वाटणी करण्याची रीत विसाव्या शतकातही चालू होती. पहिली कापणी उरकली की खाजगी हक्क संपे. लॅमस या सणाच्या दिवशी, १ ऑगस्टला, कुरण खुले होई आणि गावातील हक्कदारांची जनावरे सरसकट सगळ्या पट्ट्यांवर फिरू लागत. हा सण नव्या धान्याच्या पहिल्या पावाचा. त्याचे नाव जुन्या इंग्रजीतील ‘पाव’ आणि ‘मास’ (चर्चमधील उपासना) या शब्दांचे बनलेले आहे. ‘लॅम’ म्हणजे कोकरू अशी लोकव्युत्पत्ती पुढे रूढ झाली. कुरणात मेंढ्या दिसत असताना ती सुचणे स्वाभाविकच होते. १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदलले तेव्हा ११ दिवस गळाले. गवत पंचांगाप्रमाणे वाढत नसल्यामुळे पुष्कळ गावांनी जुना दिवस धरून ठेवला आणि तो १२ ऑगस्ट झाला. विल्टशरमधील क्रिकलेडच्या नॉर्थ मेडो या कुरणावर १२ ऑगस्ट ते १२ फेब्रुवारी ही सामाईक चराई आजच्या काळापर्यंत चालत आलेली आहे.

पहिले गवत पट्टेवाल्याचे आणि दुसरे गावाचे, अशी ही व्यवस्था होती. महाराष्ट्रातील गायरानाशी तिची तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. गायरान ही जागा सामाईक असते. लॅमस कुरणात तीच जागा अर्धे वर्ष एकाची आणि अर्धे वर्ष सर्वांची असे. सामाईक होता तो काळ. ‘आफ्टर’ या पूर्वपदाला म्हणूनच केवळ क्रमाचा अर्थ नव्हता. त्यात हक्क बदलण्याची घटका होती.

ही व्यवस्था कुंपणबंदीने मोडली. संसदेने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कुंपणबंदीचे कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रापैकी एक-पंचमांशाहून किंचित अधिक जमीन आली. बहुतेक कायदे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातले. ज्यांचा कागदोपत्री हक्क होता त्यांना मोबदल्यात तुकडे मिळाले. जे केवळ वहिवाटीने एखादी गाय सोडीत त्यांना सामान्यतः काही मिळाले नाही. नॉर्दम्प्टनशरमधील हेल्पस्टन गावासाठीचा कायदा १८०९ मध्ये झाला, तेव्हा तेथील शेतमजुराचा मुलगा जॉन क्लेअर १६ वर्षांचा होता. पुढे कवी म्हणून त्याचा पहिला संग्रह १८२० मध्ये लंडनला छापला गेला, तेव्हा शहरी वाचकांसाठी अखेरीस बोलीतल्या शब्दांचा कोश जोडावा लागला. शेताची भाषा स्वदेशातच टीपेची भाषा झाली होती.

यावरून कुंपणबंदीमुळे ‘आफ्टरमॅथ’चा अर्थ बदलला, असे सरळ समीकरण मांडणे मात्र योग्य नाही. कुंपणाच्या आतही दुसरे गवत उगवतच होते आणि शेतकरी त्याला जुन्या नावानेच ओळखत होता. १८८४ मध्ये ऑक्सफर्डच्या महाकोशाची पहिली खंडिका निघाली. ऐतिहासिक क्रमाने अर्थ देणाऱ्या त्या कोशात गवताचा अर्थ पहिला आहे आणि लाक्षणिक अर्थ त्यामागून येतो. लाक्षणिक वापर सतराव्या शतकाच्या मध्यापासूनचा आहे, आणि सुरुवातीला त्याला आपत्तीचा वास नव्हता. उशिराची, दुय्यम, मागाहून हाती आलेली वस्तू एवढाच त्याचा आशय.

या मधल्या अवस्थेचा उत्तम पुरावा म्हणजे लाँगफेलो यांची ‘आफ्टरमॅथ’ ही छोटी कविता. १८७३ मध्ये त्याच नावाच्या संग्रहाच्या शेवटी ती आली, तेव्हा कवी ६६ वर्षांचा होता. बारा वर्षांपूर्वी त्याची पत्नी भाजून मरण पावली होती. कवितेत कुरण दुसऱ्यांदा कापले जाते. फुलांसह येणारे कोवळे गवत हे नव्हे, तणांत मिसळलेले ‘रोवेन’ आहे, असा तिचा भाव. मॅसॅच्युसेट्समधल्या या कवीने शीर्षकाला एक शब्द आणि कवितेच्या आत त्याच वस्तूचा बोलीतला दुसरा शब्द वापरला. त्याच्या वाचकाला दोन्ही कळत होते. या कवितेत उत्साह नाही, विध्वंसही नाही. उरलेल्या, कमी प्रतीच्या, तरीही घरी न्यायच्या पिकाची ती कविता आहे. ‘आफ्टरमॅथ’ शब्दाचा तोल इतका सांभाळणारा प्रयोग इंग्रजीत पुन्हा क्वचितच झाला असेल.

पुढची घसरण कशी झाली? विळा हे मृत्यूचे चिन्ह आणि माणूस हे गवत, या बायबलमधून रुळलेल्या प्रतिमांचे बोट धरून एक स्पष्टीकरण सुचते: युद्धात माणसे कापली जातात, म्हणून ‘कापणीनंतर’ म्हणजे युद्धानंतर. स्पष्टीकरण चटकदार आहे, पण ते काळाच्या क्रमाशी जुळत नाही. ज्यांच्या कानाला ‘मॅथ’मध्ये कापणी ऐकू येत होती, ते हा शब्द आपत्तीसाठी वापरत नव्हते, ज्यांनी तो तसा वापरला, त्यांना कापणी ऐकू येत नव्हती. खरे कारण साधे दिसते. ‘मॅथ’ स्वतंत्र शब्द म्हणून प्रमाण भाषेतून गेला आणि ‘आफ्टर’ तेवढा पारदर्शक राहिला. मग ‘कशाच्या तरी नंतरचे’ एवढाच अर्थ शिल्लक उरला आणि ती रिकामी जागा ज्या घटनेमागून खूप काही उरते अशा घटनेने भरली. विसाव्या शतकात ती घटना कोणती असणार हे उघड होते. फ्रेंचमध्ये ‘रगँ’चे तसे झाले नाही, कारण ‘पुन्हा’ आणि ‘लाभ’ हे दोन्ही अवयव ऐकणाऱ्याला जाणवत राहिले. गवत विसरलेला पॅरिसकरही जोम परत आला की त्याला ‘रगँ’ म्हणू शकतो. जर्मनमधील ‘ग्रुमेट’ या दुसऱ्या गवताच्या शब्दात कापणीवाचक पद झिजून ओळखू न येण्याजोगे झाले, पण तेथे ‘नंतर’ असे सांगणारे पूर्वपदच नव्हते. शब्द शेतातच राहिला. एकाच वस्तूची तीन नावे तीन वाटांनी गेली, ती वस्तूच्या स्वभावामुळे गेली नाहीत. शब्दाचा कोणता अवयव बोलका राहिला यावर ते ठरले. तौलनिक अभ्यासात प्रतिमांचे मूळ लोकस्वभावात शोधण्याची घाई होते. इंग्रज निराशावादी आणि फ्रेंच आशावादी असा निष्कर्ष या सामग्रीतून काढणारा कोणी भेटलाच, तर त्याच्यापुढे ‘ग्रुमेट’ ठेवावा.

भारतीय अभ्यासकापुढे हा शब्द बहुधा एकाच संदर्भात येतो. तान ताइ योंग आणि ज्ञानेश कुदेसिया यांच्या २००० मधील फाळणीविषयक ग्रंथाच्या शीर्षकातही तो आहे, आणि तेथे निर्वासितांच्या वसाहती, नव्या राजधान्या, बदललेली शहरे यांचा विचार आहे. म्हणजे उजाड झालेल्याइतकाच पुन्हा रुजलेल्याचाही. मराठीत अशा ठिकाणी ‘पडसाद’, ‘परिणाम’ किंवा ‘विपाक’ हे शब्द येतात. ‘पडसाद’ हा ध्वनीचा शब्द. तो विरत जातो. ‘परिणाम’ आणि ‘विपाक’ यांत पिकणे आहे, त्यामुळे ते गवताच्या जवळचे वाटतात. पण विपाकाची कल्पना कर्मसिद्धान्तातून आलेली असल्याने तेथे पेरणारा गृहीत असतो. जे पेरले ते पिकले, असा त्याचा हिशेब. दुसरे गवत कोणीच पेरलेले नसते. फाळणीसारख्या घटनेनंतर जे उरले आणि जे उगवले त्याला ‘विपाक’ म्हटले की वाक्यात नकळत एक कर्ता आणि त्याचा दोष शिरतो. ‘पडसाद’ म्हटले की माणसांचे पुन्हा रुजणे वगळले जाते.

मराठी शेतकऱ्याजवळ याच्या जवळचा एक शब्द आहे: उसाचा ‘खोडवा’. ऊस तोडल्यावर राहिलेल्या खोडांतून जे पीक पुन्हा फुटते ते खोडवा, आणि त्यापुढचे निडवा. बेणे लागत नाही, पूर्वमशागत लागत नाही. उतारा मात्र बहुधा लागणीपेक्षा कमी पडतो. कृषिशास्त्राच्या इंग्रजीत त्याला ‘रॅटून’ म्हणतात. हा शब्दही इंग्रजीचा मूळचा नाही: पुन्हा फुटलेला कोंब या अर्थाच्या ‘रेतोन्यो’ या स्पॅनिश शब्दापासून तो कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांत आला आणि तेथून शेतीच्या पुस्तकांत पोहोचला. ‘रॅटून’ मळ्याबाहेर पडलाच नाही. ‘खोडवा’तले खोड मात्र ऐकणाऱ्याला अजून स्पष्ट ऐकू येते, उसाच्या पट्ट्यात तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि लाक्षणिक वापरासाठी अद्याप जवळजवळ कोरा आहे.